चार मिनिटं

बारामती, गुरुवार, डिसेंबर १९९६

डोकं अजून तापलेलंच आहे. माझी विद्यार्थिनी सुनंदा भारताच्या ज्युनिअर बास्केटबॉल संघातून परदेशात खेळून आली आणि आज क्रीडा समितीच्या तात्यांनी तिथली स्कोअरशीट माझ्यासमोर आपटली. "पॉइंट शून्य हायेत, मास्तर. पोरगी काय सुधारली न्हाय. शाल-नारळाचं राहू द्या."

शून्य! अहो, तीन सामन्यांत मिळून तिला खेळवलं चार मिनिटं. चार मिनिटांत पोरीची प्रगती मोजता? कोऱ्हाळे गावच्या मुरमाच्या मैदानावर बॉल आपटत मोठी झालेली पोर पहिल्यांदाच लाकडी कोर्टवर उभी राहिली. समोरची तिच्याहून वीतभर उंच. तरी त्या उंच मुलीला हिनं एकदाही बास्केटखाली शिरू दिलं नाही, असं संघाच्या मॅनेजरबाईंनी पत्रात लिहिलंय. ते स्कोअरशीटच्या कुठल्या रकान्यात मांडतात?

हे सगळं तात्यांना सुनावलं. चार मिनिटं, चार मिनिटं, असं टेबल बडवून. सुनंदा दारातच उभी होती, हे नंतर दिसलं.

बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "सर, मी एस्टीतून उतरले तवा तुमी बी पयलं हेच इचारलं व्हतं. किती पॉइंट केलेस?"