डोळ्याखालचं गोंदण

चाचा,

तुम्ही गेलात तेव्हा जुन्नरात आपल्या फोटोच्या धंद्यात कॉम्प्युटर शिरलेला नव्हता. आता माझ्या दुकानात दोन आहेत. रविवारी हौशी मंडळी येतात, डॉक्टर, मास्तर, माळशेजला पक्षी टिपणारे. त्यांना मी फोटोचं सॉफ्टवेअर शिकवतो, चहा पाजतो आणि जाताना चार मोठ्या प्रिंटा गळ्यात मारतो. गावाचं नाव टाकलं की त्या गावातली लग्नं, बारशी, जागरणं टिकलीएवढी होऊन पडद्यावर रांगेत उभी राहतात. तुम्ही मात्र काचेखाली बल्ब लावून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत बसलेले असता, असंच मला अजून दिसतं. लोणी गावच्या एका नवरदेवाच्या निगेटिव्हवर मी पहिल्यांदा पेन्सिल चालवली, तेव्हा माझा कान धरून म्हणालात, "अरे गधे, इतका गोरा केलास! आता सासू विचारंल, हा कोण, आमचा जावई कुठंय?" गिऱ्हाईकंसुद्धा हसली होती.

मागच्या वर्षी डिंभ्याकडून दोघं बापलेक आले. लेकाची बायको विहिरीत पडून गेली होती आणि दहाव्याला मोठा फोटो पाहिजे होता. त्यांच्या घरचं जागरण मीच टिपलेलं, त्यामुळे गाव टाकताच ती सापडली. परडी हातात, मान जराशी वळवलेली. मी फोटो अजून मोठाही केला नव्हता, तोच नवरा म्हणाला, "डाव्या डोळ्याखाली सावली पडलीय, तेवढी काढा." माझे कान कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. 'सावली' म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला आणि बाप उगाच रस्त्यावरची एसटी बघायला लागला. मोठा करून पाहिलं, तर उजेड तिच्या डाव्या बाजूनंच होता. तिथं सावली पडायचं कारणच नव्हतं. पण सुतकातल्या माणसांना काय विचारणार? ब्रश फिरवला. गाल स्वच्छ झाला, फ्रेम गेली.

महिन्याभरानं मढहून त्या मुलीचे वडील आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तिकडं भिंतीवर लावलाय त्यो फोटो माझ्या पोरीचा वाटंना. गोंदण कुठं गेलं वो? डोळ्याखाली ठिपका व्हता. जत्रंत हट्टानं काढून घेतल्याला." त्या काळवंडलेल्या जागेत तो ठिपका मला दिसलाच नव्हता, माझ्या ब्रशनं तोही नेला होता. म्हटलं, "बाबा, घाबरू नका, हे सॉफ्टवेअर मूळ फोटोला हात लावत नाही, आत्ता आणतो परत." केवढ्या ऐटीत म्हणालो! एक क्लिक केलं. गोंदण आलं, आणि त्याच्याभोवती ते निळंकाळंही आलं.

बाबा पुढं वाकले. पडद्याला बोट लावलं, मग ते स्वतःच्या गालावर त्याच जागी नेलं. मी उगाच पंखा बंद केला, चालू केला. बोट गालावरच ठेवून म्हणाले, "जागरनाला आमाला बोलावलं न्हाई. पाव्हणं लई झालं, म्हनले." मग टोपी घातली. "ह्योच द्या. दोन काढा."

दुसरा कशासाठी ते मी विचारलं नाही. मग तोच दुसरा फोटो घेऊन पोलीस आले, केस उभी राहिली, आणि काल घोडेगावच्या कोर्टात माझी साक्ष झाली. फोटो माझाच, जागरणाचाच, हे मी छातीठोक सांगितलं. 'सावली'चं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. मग नवऱ्याकडचा वकील उठला, माझ्याकडं बघून गोड हसला. "तुम्ही या विद्येत लई वाकबगार, असं ऐकलंय. लोकांना शिकवता म्हणे?" म्हटलं, हो. "मग डाग काढता येतो तसा लावताही येतो ना?" मी म्हणालो, "येतो, पण इथं—" "येतो का नाही, एवढंच बोला."

चाचा, तुमच्याकडं निगेटिव्ह होती. पेन्सिल लागली, खरवडायचं पातं लागलं, तर उजेडाला धरली की आंधळ्यालाही कळायचं. माझा मूळ फोटो कॉम्प्युटरात, मी उजेडाला काय धरणार होतो? बाबा समोरच्या बाकावर बसलेले, माझ्या तोंडाकडं बघत. मी म्हणालो, "येतो." वकील लगेच खाली बसला.

एसटी स्टँडवर बाबांनी माझ्यासाठी केळी घेतली. म्हणाले, "तुमी खरं बोलला, भाऊ. खोटं बोलायला पायजे व्हतं, असं न्हाई." मढची गाडी आली, ते चढले.

निकाल अजून लागायचाय. घरी बायकोनं विचारलं, साक्ष कशी झाली. मी सांगितलंय, तारीख पुढं गेली.