शनिवारी वादळ येत नाही

१० एप्रिल, शुक्रवार
आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये पाणी शेवटचं कधी शिरलं? मला सांगता येत नाही. बी.ए. भूगोल, फर्स्ट क्लास, आणि राहत्या घराच्या आपत्तींचा इतिहास माहीत नाही! लाज वाटली.

बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, फरहत याला विचारलं. म्हणाला, पाऊस आला की शिरतं. इतकी वर्षं वॉचमनकी करून ही उत्तरं. वरच्या मजल्यावरचा सुमेध नववीत आहे. त्याला विचारलं, तर म्हणाला, नो आयडिया, आंटी. मी तेवीस वर्षांची आहे.

ठराव: कुवेतच्या सालमियातल्या निदान या एका बिल्डिंगचा हवामान-इतिहास लिहायचा. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती फक्त क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसवून ठेवायला घेतलेली नाही.

१४ एप्रिल
लिफ्टमध्ये तक्ता लावला. 'आपले तीन धोके: उष्णता, पूर, धूळ. शिट्टी वाजताच सर्वांनी गच्चीवर जमावे.' शिट्टी समोरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मिळाली. गुलाबी आहे, पण आवाज चांगला.

संध्याकाळपर्यंत तक्त्याखाली कुणीतरी लिहिलं: 'चौथा धोका: लिफ्ट.' लोकसहभाग सुरू झाला.

बाबांना फोन केला. ते शहराबाहेर अम्गराला सुतारकाम करतात, तिथेच गाववाल्यांच्या खोलीत राहतात. म्हणाले, बाय, तुझा तक्ता बघायला येतंय हां मी, खोलीत सगल्यांना सांगितलंय. मी गहिवरले.

१९ एप्रिल
मुलाखती जोरात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, गारा पडल्या त्या वर्षी आमचा फ्रिज बिघडला. फ्रिज कोणत्या वर्षी बिघडला? म्हणाल्या, अगं, गारा पडल्या तेव्हाच. दोन पुरावे एकमेकांशी जुळले. तारीख नंतर बघू.

२५ एप्रिल
आज माझ्या शास्त्राला खरं काम मिळालं!

आमच्या फ्लॅटमधल्या रत्नमालाताई लातूरच्या, हॉस्पिटलात नर्स आहेत. त्यांच्या स्वराचं लग्न १७ मेला. लेकीच्या रुखवतात आपल्या हातच्या कुरडया मांडायच्या, एवढी एकच इच्छा. रजा १२ मेपासून. तिकडे पोचल्यावर वेळ कुठला? म्हणून इथेच करून बॅगेतून न्यायच्या. म्हणाल्या, बाकी सगळं रुखवत विकतचं यायलंय गं, कुरडई तरी आईची असू दे.

अडचण अशी की कुरडईचे गहू तीन दिवस आधी भिजवावे लागतात. म्हणजे तीन दिवस आधी हवा कळायला हवी. ताईंना सुट्टी फक्त शनिवारी. २ तारीख की ९?

मी म्हटलं, तारीख मी देते. दुसरी रूममेट झरीन, तीही नर्स, म्हणाली, ताई, गहू जरा जास्तच भिजवा.

२८ एप्रिल
निर्णय: शनिवार, २ मे. आधार भक्कम आहे. जमवलेल्या सगळ्या आठवणींत शनिवारी धुळीचं वादळ आल्याची एकही नोंद नाही! झरीन म्हणाली, शनिवारी लोक दुपारपर्यंत झोपतात, नोंद कोण करणार? तिला संशोधनाची पद्धत माहीत नाही.

मोबाइलमधलं ॲप शनिवारी धूळ दाखवतंय. ॲपला स्थानिक इतिहास माहीत नाही. काढून टाकलं.

२ मे, शनिवार, सकाळ
आकाश स्वच्छ. फरहतने गच्चीची किल्ली दिली, वर आकाशाकडे बोट दाखवून अल्लाह मालिक म्हणाला. ताईंनी पहाटेच चीक शिजवला. सोऱ्यातून काय सुंदर कुरडया पडल्या! बाबा टॅक्सीने प्लायवुडच्या फळ्या घेऊन आले. आधी लिफ्टमधला तक्ता वाचला, मग ताईंना म्हणाले, आमच्या दर्शनानं दिलेली तारीख म्हणजे काय बघायलाच नको. ताई हसल्या. म्हणाल्या, तिच्यावरच तर सोडलंय.

बाबा म्हणतायत, बाय, तिकडं आभाळ तांबडं दिसतंय गो. मी त्यांना प्रकाशाचं विकिरण समजावून सांगितलं. त्यांना पटलं. फळ्या मात्र का उचलायला लागलेत, कळत नाही.

२ मे, संध्याकाळ
आलं.

शिट्टी वाजवली. सुमेध एकटाच वर आला. हातात मोबाइल. व्हिडिओ बिल्डिंगच्या ग्रुपवर आहे: मी शिट्टी वाजवतेय, मागे बाबा दोन फळ्यांत कुरडया दाबून जिन्याकडे पळतायत. एकोणचाळीस जणांनी हसण्याचं चित्र टाकलं. एवढे लोक वर आले असते तर कुरडया वाचल्या असत्या.

कुरडया विटांच्या रंगाच्या झाल्या. मी सुचवलं की तळल्यावर धूळ निघून जाईल. झरीनने एक तळून मला दिली. दोघी बघत होत्या म्हणून चावली. करकरली.

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं होतं. फळ्या पुसत पुसत म्हणाल्या, जाऊ दे, लातुरात मिळतात की पाकिटातल्या.

मला सबंध आठवडा ते 'पाकिटातल्या' ऐकू येणार.

३ मे
शांतपणे विचार केला. पद्धत बरोबर होती, नोंदी कमी पडल्या. आता शनिवारची एक नोंद जमा झाली, म्हणजे इतिहास समृद्धच झाला. झरीनला हे सांगितलं. तिने माझ्या तोंडावर दार लावलं नाही, पण हळूच ओढून घेतलं.

६ मे
ताईंनी गहू भिजवलेच नव्हते. मीच बकाल्यातून आणून भिजवले. त्या पातेल्याकडे बघून म्हणाल्या, आता कोणती तारीख काढलीस, बाई? मी म्हटलं, तारीख नाही काढली, जागा काढलीय.

बाबांचा फोन. येऊ का फळ्या घेऊन, म्हणाले. आणि खोलीत कुणी विचारलंन तर वारं फिरलं म्हणून सांगतंय मी. बाबा माझी बाजू शास्त्रीय करू बघतात.

९ मे, शनिवार
बाहेर आभाळ लख्ख, वारा शून्य. कुरडया बाहेरही वाळल्या असत्या. तरी मी गच्चीची किल्ली मागितली नाही.

माझ्या खोलीतला पलंग उभा केला. जमिनीभर फळ्या, त्यांवर ताईंच्या कुरडया. खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या, एसी बंद, पंखा पूर्ण. खोलीची भट्टी झालीय. आपल्या तीन धोक्यांपैकी पहिला शेवटी कामाला लागला. ताईंनी संध्याकाळी एक कुरडई उचलून कानाजवळ मोडली. कट् वाजली. दुसरी मोडली नाही, जपून खाली ठेवली.

माझी गादी स्वयंपाकघरात टाकलीय, सिलिंडरशेजारी. शिट्टी सुमेधला देऊन टाकली. थँक यू, आंटी म्हणाला. हो म्हटलं.

लिफ्टमधला तक्ता काढला आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहून माझ्या खोलीच्या दाराला लावला: 'आत कुरडया आहेत. दार उघडू नये.' खाली नाव ताईंचं घातलं. माझं घातलं असतं, तर कुणीतरी उघडून बघितलंच असतं.