बाराव्या रेषेवरची जोड

८ फेब्रु. १९९३, जळगाव
संगणकावरचा रन संपला. बावीस तास. मधे वीज गेली नाही, हे विशेष.
केळी पिकवायच्या खोलीतली हवा: भिंतीजवळ साधं मॉडेल, मधल्या भागात खळबळत्या हवेचं के-एप्सिलॉन मॉडेल. दोन्ही गणिताच्या जाळीवर, भिंतीपासून बाराव्या रेषेवर जोडली. आलेख गुळगुळीत, हवेची दिशा दाखवणारे बाण सगळे पुढे. गाईड सर खूश. "दोन जावा एका चुलीवर नांदवल्यास की!"
बारावीच का, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
प्रबंध २५ला द्यायचा. एम.ई. झालं तरच धुळ्याच्या पॉलिटेक्निकमधली जागा पक्की.

१४ फेब्रु., धुळे
नानांची (बाबांचे चुलते) केळीची वखार. माझ्या मॉडेलमधली खोली म्हणजे हीच, मापं इथलीच. पंखा लावून कोपऱ्यात उदबत्ती धरली. धूर मागे, पंख्याकडे. माझ्या आलेखात तिथे हवा पुढे जाते.
नाना: "आठे हवा माघारीच फिरस. आठला घड पहिले काया पडतस. तुनं मशीन काय म्हनस?"
इथले घड आधी काळे पडतात, हे मला ठाऊक नव्हतं. मशीन पुढे जाते म्हणतं, म्हटलं.
"मंग त्याले एक डाव वखारमा लई ये."
मशीनलाच वखारीत आणायचं ऐकून सगळे हमाल हसले. मीही, थोडी.

१७ फेब्रु., जळगाव
जोड आठव्या रेषेवर आणली. रन दोनदा कोसळला, तिसऱ्यांदा टिकला. कोपऱ्यात भोवरा. सहाव्या रेषेवर भोवरा आणखी मोठा.
म्हणजे साधं मॉडेल भिंतीपासून फार आतपर्यंत ताणलं होतं. त्याने हवा काकवीसारखी दाट केली, भोवरा फिरलाच नाही.
धुराशी जुळते म्हणून आठवी घ्यावी? तीही उत्तर बघून मारलेली रेघच. तरी...

१८ फेब्रु.
सरांना सांगितलं.
"मग बारावी का घेतली होतीस?"
"तिथे रन टिकत होता."
सरांनी तीनही आलेख पुन्हा चाळले. मग, "अगं, गुळगुळीत आलेखाला परीक्षक मान डोलावतो. तीन आलेख, तीन उत्तरं दिलीस तर परत पाठवेल. म्हणजे आणखी सहा महिने वाया. जागा थांबेल?"
थांबणार नाही. मलाही माहीत आहे.

२० फेब्रु.
तीनही आलेख घातले. बारावीचा पहिला, निवडीच्या खऱ्या कारणासकट. धुराची नोंद वेगळी. कोणती जोड बरोबर, हे मला ठरवता आलेलं नाही, असं स्पष्ट लिहिलं.
टाइपिस्ट: "मॅडम, हे वाक्य चुकून आलं का?"
नाही म्हटलं.

२२ फेब्रु.
प्रत सरांच्या टेबलावर. त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नाही. दुपारी मी त्यांच्या केबिनवरून गेले. त्या वाक्याचंच पान उघडं होतं, त्यांच्या हातात पेन. त्यांनी वर पाहिलं नाही. मी थांबले नाही.