जाड तळाचा डावा बूट

११ नोव्हेंबर, दुपार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. नसलीस तरी मला कळवणार नाहीस, हेही ठाऊक आहे. आईचा गुडघा आता ठीक आहे आणि तिची बडबडही. आपलं बुटांचं ऑनलाइन दुकान चालू आहे. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने सँडल नको म्हणून डबा पाठवला, त्यात निघाला टीव्हीचा रिमोट! पॅकिंगवाल्या दोघी हसून हसून लोळल्या. तू असतीस तर त्या माणसाला फोन लावून म्हणाली असतीस, "काका, आता चॅनल सँडलने बदलता का?"

चुकून आलेल्या वस्तूंचा नियम मी बदललाय. आधी फोटो काढायचा, ज्या वेबसाइटवर आपण विकतो त्या कंपनीकडे तक्रार टाकायची आणि वस्तू मागच्या कप्प्यात ठेवायची, की काम संपलं. आता ज्याची वस्तू त्याला पोचेपर्यंत डबा माझ्या टेबलावरून हलत नाही. कंपनी गिऱ्हाइकाचा नंबर देत नाही, तरी मी हात धुवून त्यांच्या मागे लागते. आणि चिठ्ठीवर 'परत पाठव' लिहायला सगळ्यांना बंदी. 'ज्याचं त्याला दे' किंवा 'नवा जोड पाठव', जे असेल ते सरळ लिहायचं.

हे कशामुळे, ते तुला ठाऊकच आहे. वाचनालयातल्या बाईंचे बूट. नवे पायाला बसेनात म्हणून त्या डबा भरत होत्या, कुरिअरवाला दारात बेल वाजवतोय, चष्मा सापडत नाहीये, आणि त्यांनी नव्यांऐवजी स्वतःचे रोजचे काळे बूट आत घातले. डाव्याचा तळ दोन बोटं जाड, कारण त्यांचा डावा पाय आखूड. मी डब्यावर चिठ्ठी लावली, 'परत पाठव'. मला म्हणायचं होतं, हे बूट बाईंना माघारी दे. तू वाचलंस, नवा जोड पुन्हा पाठव. पाठवलासही. बाईंच्या घरी दोन नवे जोड आणि चालायला एकही नाही. जुने बूट तू नियमाप्रमाणे कप्प्यात ठेवलेस.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, तर कप्पा रिकामा. फोन हातात तसाच चालू ठेवून मी तुला काय काय बोलले! आई, पॅकिंगवाल्या दोघी, कुरिअरवाला, सगळ्यांसमोर. "साधं मराठी वाचता येत नाही, वर लोकांच्या वस्तू फेकून देतेस!" तू एकदाच म्हणालीस, "ताई, मी कप्प्यात ठेवले होते." आणि पिशवी उचलून गेलीस. त्याला सात महिने झाले.

बाईंना तसाच जोड करून द्यायचा, हे मी त्याच आठवड्यात ठरवलं. बूट शिवणाऱ्या काकांचं डोकं खाल्लं. पहिला डावा बूट जड झाला, दुसरा आतल्या बाजूला कलंडायचा. काका वैतागून म्हणाले, "मग तुम्हीच शिवा." मी म्हटलं, "शिकवा, शिवते." तिसरा जमला. परवा स्वतः घेऊन गेले. बाई पुस्तकांच्या रांगेतून काठीशिवाय चालत आल्या आणि मला रडूच फुटलं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही ओरडत होतात ती मुलगी कुठेय? मला फोनवर सगळं ऐकू येत होतं. चूक तर माझी होती हो. तिला फार लागलं असेल." मी म्हटलं, ती परगावी शिकायला गेलीय. बघ, त्यांच्यासमोरही मी थापच मारली.

तीन पानं भरली तरी मी आडवळणानेच चाललेय. सांगते.

कप्पा मी रिकामा केला होता. त्या फोनच्या आधीचा शनिवार, तू आईला घेऊन दवाखान्यात गेली होतीस. मी आवरायला काढलं आणि आत काय आहे तेही न बघता सगळं पोत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. तुझ्यावर ओरडता ओरडताच मला ते आठवलं. अगदी स्वच्छ आठवलं. पण चार लोकांत तोंड सोडलं होतं, ते आवरायची लाज वाटली. म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडले.

येत्या सोमवारी सकाळी दहाला कुरिअरवाला येतो, तेव्हा हे त्याच चौघांसमोर सांगणार आहे. आई चिडेल, चिडू दे. मंगळवारी बाईंकडे जाऊन त्यांनाही सांगेन. तोवर हे पत्र तुझ्या हातात पडलेलं असेल; सगळ्यांत आधी तुला कळायला हवं. तू यावंस म्हणून हे करत नाहीये. तू कधीच आली नाहीस, तरी सोमवारी सांगणार आहे.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी,
ताई