सत्ताविसाव्या अंकाचं मधलं पान

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

सयाजी यास केरबाचा रामराम.

इकडं सगळं ठीक म्हणायचं. तू आणि मीनाक्षीवहिनी बरे असाल असं धरून लिहितो. शिरोळकडं यंदा पाणी कुठवर आलं होतं? पेपरात फोटो आला की मी तुझ्या लेकाचं घर कुठं दिसतंय का ते बघत बसतो. नुसतं पाणी आणि उसाचे शेंडे दिसतात. त्यातून काय कळणार? पण बघतो.

अक्षर बघून तू चमकला असशील. आपल्यात लिहायचं काम दत्तप्रसादचं. माझ्या लेकीच्या लग्नाच्या पत्रिकांवरची नावंसुद्धा त्यानंच घातली होती. हे पत्र मात्र माझं मी लिहितोय आणि आज तिसरा दिवस आहे. तुझी वहिनी झुंबर सकाळी म्हणाली, "एवढं काय लिहायलाय? इस्टेट हाय व्हय वाटायला?" मी म्हटलं, सयाजीला लिहितोय. मग ती चहा ठेवून गेली.

फोन चार वेळा केला होता. तू उचलला नाहीस ते एका परीनं बरं झालं. उचलला असतास तर मी पावसापाण्याचं विचारून ठेवून दिला असता, हे मला माहीत आहे.

अमरसिंह गेला हे तुला कळलं असेलच. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी. आधी आठ दिवस दवाखान्यात होता, छातीत पाणी झालं होतं. तू आला नाहीस म्हणून मी तुला बोल लावत नाही. यावंसं वाटेल अशी जागा आम्ही तुझ्यासाठी ठेवलीच नव्हती.

तेराव्याला त्याचा सम्राट माझ्याशेजारी बसला होता. बापाचं सायकलचं दुकान तो दसऱ्यानंतर मोबाइलवाल्याला भाड्यानं देतोय. मला म्हणाला, "काका, तुम्ही चौघं दर रविवारी अर्धं शटर पाडून आत काय करायचा ओ? आई म्हणायची पत्ते खेळत्यात."

मी त्याला सांगितलं, बाबा, 'मंगळगड' नावाचं एक चित्रांचं मासिक होतं. आपल्या कोल्हापुरातच छापलं जायचं आणि मी त्या छापखान्यात बाइंडिंगला होतो. मंगळ ग्रहावर एक किल्ला. त्याचा एक किल्लेदार, तोफांचा एक जमादार, यंत्रं बनवणारे एक शास्त्रीबुवा आणि दरवाज्यावर लोखंड्या नावाचा यांत्रिक पहारेकरी. एक्केचाळीस अंक निघाले आणि छापखाना बंद पडला. तुझा बाप तोफखाना, दत्तप्रसाद मास्तर शास्त्रीबुवा, एसटीतला सयाजी कंडक्टर किल्लेदार, आणि मी लोखंड्या.

सम्राट म्हणाला, "एवढ्यासाठी चाळीस वर्षं?"

मी म्हणालो, "एवढ्यासाठीच की."

तो हसला. मला हसू आलं नाही. सयाजी, दुकानातल्या त्या बाकड्यावर आता दोघंच बसतो. दत्तप्रसादच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि साखर उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. त्याला अंकाचं मुखपृष्ठसुद्धा ओळखू येत नाही. मी रंग सांगतो, मग तो आकडा सांगतो. "हिरवं आकाश? म्हणजे एकोणीस." चुकत नाही अजून.

पण आधीसारखा दंगा राहिला नाही. आठवतंय का, अमरसिंह ग्रीसच्या हातानं अंक उचलायचा आणि दत्तप्रसाद ओरडायचा, "हात धू आधी!" तो म्हणायचा, "तोफखान्याचं वंगण हाय शास्त्रीबुवा, मंगळावर चालतंय." मी आत आलो की माझे गुडघे वाजायचे आणि तू बाकड्यावरूनच आवाज द्यायचास, "लोखंड्या आला रे, तेल घाला!" मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. पाचवी नापास माणसाला मास्तरानं आणि सरकारी नोकरानं आपल्यात बसवून घेतलं होतं. ते मी विसरत नव्हतो. तुम्हीही विसरू देत नव्हता, ते वेगळं.

थांबतो. बीपीची गोळी राहिली.

घेतली. पुढं लिहितो.

पेटीचं सांगायचं राहिलं. आपल्या अंकांची पेटी माझ्याकडंच आहे. दर दसऱ्याला सोनं वाटून झालं की पेटी पुढच्याच्या घरी जायची. गेल्या वर्षी पाळी तुझी होती. तू नाहीस म्हणून ती माझ्याकडं आली आणि राहिली. मी तिच्यात कडुनिंबाचा पाला घालतो. कसर लागलेली नाही. तरी दर दोन दिवसांनी उघडून बघतो. झुंबर म्हणते, तुम्ही बघून बघूनच ती कागदं फाडशीला.

आता सत्ताविसाव्या अंकाचं.

सव्विसाव्याच्या शेवटी शत्रू किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत येतो. अठ्ठाविसाव्यात दरवाजा उघडा, आतले वाडे जळलेले, आणि लोखंड्या मात्र होता तिथंच, दरवाज्यावर उभा. मधला अंक आपल्यात कुणालाच मिळाला नव्हता. त्या महिन्यात कागद नव्हता म्हणून थोडेच अंक निघाले होते. मग दरवाजा उघडला कुणी? तू म्हणायचास, लोखंड्यानं. मी म्हणायचो, लोखंड्या तसं करणार नाही. किती वर्षं भांडलो असू! तू म्हणायचास, "लोखंड्या, खरं बोल, दरवाजा तूच उघडलास न्हवं?" आणि मी म्हणायचो, "मी सत्ताविसाव्याला पिना मारल्यात. मी बघितलंय."

मी बघितलं नव्हतं. पिना मारताना फक्त मुखपृष्ठ वर असतं. आणि आतलं दिसलं असतं तरी तेव्हा मला एक ओळ लावायला एक विडी संपायची. एवढं एक खोटं मी तुमच्यात टिकून राहायला बोललो होतो. ते तुम्ही धरून ठेवलंत, मग मला सोडता येईना.

आणि मग तुला पेठ वडगावच्या बाजारात रद्दीवाल्याकडं तो अंक मिळाला. दसऱ्याला पेटी घेऊन माझ्या दारात आलास तेव्हा तुझा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. अंक पेटीत ठेवलास आणि म्हणालास, "एसटीत बसूनच वाचला गड्या. एकट्यानं वाचायचं न्हाई हा नेम मोडला, पण राहवलं न्हाई. रविवारी मास्तर वाचून दाखवतील. लोखंड्या, तयारी ठेव. हरंल त्यानं पेटी डोक्यावर घेऊन बिंदू चौकापातुर जायचं ठरलंय, ध्यानात हाय न्हवं?"

मी म्हणालो, "बघू की." तू जाता जाता मागं वळलास आणि हसत म्हणालास, "तू पिना मारल्यास लेका. वाचलंस कुठं?"

तू थट्टेत म्हणालास. मला माहीत आहे. तुझ्या मनात काही नव्हतं.

सयाजी, तो रविवार मी पुन्हा लिहून दाखवत नाही, तुला पाठच असेल. दत्तप्रसादनं अंक उघडला, चौदाव्या पानावरून एकदम एकोणिसाव्यावर गेला. मधली चार पानं नाहीत. तू म्हणालास, "होती! मी वाचल्यात. लोखंड्यानंच दरवाजा उघडला." अमरसिंह म्हणाला, "पानं नसलेला अंक आणायचा आन् त्यात काय हाय ते आमाला तू सांगायचं? हरायची एवढी भीती वाटली व्हय रे?" दत्तप्रसादनं अंक उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "फाटलेलं काहीच नाही. पहिल्यापासूनच नसणार." मग तू माझ्याकडं बघितलंस. पेटी दोन दिवस माझ्या घरी होती. मी म्हणालो, पेटी उघडलीच नाही, जोतिबाची शपथ. आणि मास्तर म्हणाले, "केरबाला ते पान शोधायलाच अर्धा दिवस लागेल." अमरसिंह मोठ्यानं हसला.

त्या हसण्यानं मी सुटलो. तू उठून गेलास, तुझा चहा बाकड्यावर तसाच राहिला. त्याच्यावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही.

फाटलेलं काही नव्हतं, कारण ते काम बाइंडरनं केलं होतं. पिनेचे दोन्ही पाय सुरीच्या टोकानं सरळ करायचे, मधला चार पानांचा ताव वर उचलायचा, पाय परत दाबून बसवायचे. भोकं तीच राहतात. छापखान्यात चुकीचा ताव लागला की आम्ही तसाच काढायचो, मालकालासुद्धा कळायचं नाही. शनिवारी दुपारी झुंबर भाजी आणायला गेली होती तेव्हा मी ते केलं. आयुष्यात इतकं सफाईनं दुसरं काम माझ्या हातून झालं नसेल.

त्याआधी मी ती चार पानं वाचली. अक्षरं लावत लावत, बोट ठेवून. खरंच अर्धा दिवस लागला. मास्तर काही चुकीचं बोलले नव्हते.

तू खरं बोलत होतास. दरवाजा लोखंड्यानंच उघडतो. कुणी हुकूम देत नाही, कुणी त्याच्या डोक्यातली तार बदलत नाही. शत्रू बाहेरून त्याला एवढंच म्हणतो, "आत सगळे तुला यंत्र म्हणतात." आणि तो अडसर काढतो.

मला तो ताव जाळायचा होता. चुलीपाशी नेला आणि परत आणला. छापलेला कागद मी आजवर कधी जाळलेला नाही, हात होईना. लेकीच्या लग्नाच्या फोटोमागं ठेवला. चार वर्षं त्या फोटोला मी कुणाला हात लावू दिला नाही. दिवाळीला भिंती रंगवल्या तेव्हाही मीच उतरवला, मीच लावला.

किती वेळा ठरवलं की सांगायचं. मग वाटायचं, सयाजी येईल पुढच्या रविवारी, राग किती दिवस टिकणार? तू आला नाहीस. मग तू शिरोळला गेलास. मला वाटलं, लेकाकडं गेला, त्यात माझा काय संबंध? असं वाटून घ्यायला मला बरं पडत होतं.

आता जे लिहायचं ते तीन दिवस लिहिता येत नव्हतं.

दवाखान्यात अमरसिंहपाशी मी एकटाच होतो. त्याला धाप लागत होती. म्हणाला, "केरबा, सयाजीला निरोप दे. म्हणावं, खोटं बोललास ते मी विसरलो. अंक कसाबी असंना, हुडकून आणला त्यानंच. माझ्या मनात काय न्हाय." मी त्याला पाणी पाजलं. उशी सारखी केली. पंख्याचं बटण कुठं आहे ते शोधलं. तो माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "सांगशील न्हवं?" मी म्हणालो, "सांगतो."

त्यानं तुला माफ केलं, सयाजी. न केलेल्या गोष्टीसाठी. आणि मी ते होऊ दिलं. तेव्हा चार शब्द बोललो असतो तर तो मला शिव्या घालत गेला असता, पण तुला खरा मानून गेला असता. ते आता कुणाला दुरुस्त करता येत नाही. सध्या पितृपंधरवडा चालू आहे. कावळा पानाला शिवला नाही असं सम्राटच्या घरून कळलं, त्या दिवशी मी जेवलो नाही.

काल नाही, त्याच्या आधीच्या रविवारी ताव घेऊन दुकानात गेलो. दत्तप्रसादला म्हटलं, आज मी वाचतो. तो म्हणाला, "तू?" मी बोट ठेवून चारही पानं वाचली. जोडाक्षरांना अडलो, पण वाचली. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. संपल्यावर त्यानं हात पुढं करून तावावरची पिनांची भोकं बोटानं चाचपली. मग म्हणाला, "सयाजी खरं बोलत होता तर." मी म्हणालो, व्हय. तो म्हणाला, "आणि अमरला माहीत नव्हतं." मी म्हणालो, न्हाय.

मी म्हटलं, मास्तर, सयाजीला एक पत्र लिहून देता का? मी सांगतो, तुम्ही नातीला सांगून लिहवून घ्या. तो उठला, काठीनं दार चाचपडत म्हणाला, "हे तुझं तू लिही. चुकलं तरी चालेल." म्हणून हे अक्षर असं आहे.

पत्रासोबत ताव पाठवतोय. दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलाय, वर प्लास्टिक बांधलंय. पोस्टात भिजणार नाही असं वाटतं, तरी काळजी लागून राहील. पोचला की सुनेला एक मिस्ड कॉल द्यायला सांग. बोलू नकोस हवं तर. सुनेनं पाकीट उघडून हे सगळं वाचलं असेल तर वाचू दे, आता काय लपवायचं राहिलंय?

अंक मात्र माझ्याकडंच पेटीत आहे. त्याच्या पिना मी उघड्या करून ठेवल्यात. दसरा दोन ऑक्टोबरला आहे, गुरुवारी. दुकान त्या दिवसापर्यंत आपलं आहे, सम्राटनं तसं कबूल केलंय. दत्तप्रसाद येणार आहे. मी सकाळी नऊला पेटी डोक्यावर घेऊन दुकानापासून बिंदू चौकापर्यंत जाणार आहे. ठरलं होतं ते ठरलं होतं. झुंबर म्हणते, या वयात मान मोडून घ्याल. मोडू दे. तिथून पेटी कुठं न्यायची ते मात्र मला ठरवता येत नाही. पाळी तुझी आहे.

तू आलास तर ताव तू बसव. मी पिना दाबायलाही हात लावणार नाही. तू नाही आलास तर पेटी सम्राटच्या जीपनं शिरोळला पोचेल, तुझ्या दाराशी. मी बरोबर येणार नाही.

एकच विचारायचं होतं. अठ्ठाविसाव्यात तो परत दरवाज्यावर उभा दिसतो. वाडे जळलेत, सगळ्यांना कळलंय, तरी त्याला तिथंच उभं केलंय. कुणी केलं, कसं केलं, ते कुठल्याच अंकात छापलेलं नाही. मी सगळे एक्केचाळीस परत वाचून बघितले, बोट ठेवून. किल्लेदाराला माहीत असेल तर कळव.

वहिनींना नमस्कार. पावसाचे दिवस आहेत, कान झाकून बाहेर पड.

दरवाजा ज्यानं उघडला, तो तुझा
लोखंड्या