मावशीचा रस्सा आणि जड ग्रह

२८ मार्च, शनिवार
बोट घेतली! गिटार देऊन. जुनी, लाकडी, मोटर दमेकऱ्यासारखी खोकते— पण माझी! ईस्टर झाला की गयानातलं हे कुरू गाव सोडणार. किनाऱ्याकिनाऱ्यानं ओयापोक नदीच्या तोंडाशी, पलीकडे ब्राझील! मार्तिनिक बेटावरून आलो तेव्हा इथे आठवडाभरच राहायचं होतं. दोन वर्षं झाली, सिडोनीमावशीच्या खानावळीत भांडी घासतोय.

बोटीत एक इग्वाना बसलाय. हलत नाही. नाव ठेवलं कप्तान.

३० मार्च
समुद्राचा प्रवाह उलटा. म्हणून तेल जास्त. दोन पिंपं चढवली, बोट खाली बसली. खाली बसली म्हणून मोटरला जोर जास्त, म्हणून तेल आणखी. तिसरं पिंप चढवलं— पाणी आत! कप्तान माझ्या डोक्यावर!

दुपारी सोलांज जेवायला आली. रॉकेटच्या तळावर इंजिनियर आहे. ऐकून तिला हसता हसता ठसकाच लागला. "अरे ठोंब्या, तू जड ग्रहावर राहतोस!" मग मिरचीची बाटली उभी करून शिकवलं. ग्रहाची ओढ जास्त असली की वर जायला तेल जास्त. ते तेल उचलायला आणखी तेल. ते उचलायला आणखी! रॉकेट डोंगराएवढं, आणि कक्षेत पोचणार चमचाभर सामान. फारच जड ग्रह असला तर तिथली माणसं कितीही हुशार असोत, जन्मभर खालीच.

बिचारी! मी म्हटलं, तिथे भाकरी फुगत असेल का गं? तिनं बाटली उचलून घेतली.

१ एप्रिल
पाठीवर एप्रिल फूलचा कागदी मासा घेऊन दिवसभर गावभर हिंडलो. मावशीनंच चिकटवला होता. टवाळ बाई!

३ एप्रिल, गुड फ्रायडे
अवाराचा रस्सा चुलीवर चढला. त्या केशरी ताडफळाचा गर, धुरावलेले मासे, कोंबडी, हाताला लागेल ते. दोन दिवस रटरटणार. हा रस्सा खाल्लेला माणूस गयाना सोडून जात नाही, असं इथे सगळे मानतात. मी दोन ईस्टर खाल्ला— बघा काय झालं! यंदा शपथ. थेंबही नाही.

"मीठ बघ रे," मावशी म्हणाली.
"तूच बघ की!"
"माझी जीभ भाजलीय."
"दरवर्षी?"
"दरवर्षी. बघ मुकाट्यानं."
बघितलं. कमी होतं. परत बघितलं. मग कोंबडीतलं वेगळं बघितलं.

५ एप्रिल, ईस्टर
तीन ताटं. यावर बोलायचं नाही.

सोलांजनं नुसता भात खाल्ला. "मला नको बाई रस्सा, जूनमध्ये फ्रान्सला परत जायचंय." आणि मला, "तुझा ग्रह आणखी जड झाला रे!" मी विचारलं, मग सुटायचं कसं? म्हणाली, सगळं तेल खालूनच न्यायचं नाही. थोडं घेऊन निघायचं, वाटेत भरायचं. वाटेत कुणी भरून देणारं असलं तर!

मावशीचा डाव हवेतच थांबला. "वाटेत भरायचं?" तिनं दोनदा विचारलं.

६ एप्रिल
सकाळी धक्क्यावर गेलो— बोटीत मावशी! पिंपं बाहेर, आत तेलाचा एकच डबा.

"उतर मावशी, बोट माझी आहे!"
"मग ये बस."
बसलो. पाणी आत! उतरलो.
"बघितलंस? मी पण सेंट लुसियाहून आठवडाभरासाठीच आले होते रे. ब्राझीलला बहीण आहे माझी. वाट बघून म्हातारी झाली ती."
"आणि तेल?"
"कायेनला मैत्रीण भरून देईल, पुढे काव गावाला तिचा भाऊ. तीस वर्षं लोकांना जेवू घातलंय मी!"
"जा जा! रस्सा खाल्लायस, परत येशील!"
"रांधला," मावशी म्हणाली. "चाखला नाही कधी."

खानावळीची किल्ली माझ्या अंगावर फेकली. मोटर एकदाच खोकली. कप्तानही तिच्याबरोबर गेला. गद्दार!

९ एप्रिल
सोलांज आली. "मावशी कुठाय?" डावानं वर दाखवलं. "कक्षेत." उरलेला रस्सा चुलीवर होता. म्हटलं, ये ना, जरा मीठ बघ गं. माझी जीभ भाजलीय.