शिंप्याची कंबर

आई, इथूनच पाया पडतो.

सोरायसिसचे चट्टे पाठभर आणि हातांवरही पसरलेत, पण घाबरू नकोस. डॉक्टरीणबाईंनी आधी माझी कंबरच मोजली! मी चिडलो, तर म्हणाल्या, “चट्टे जितके जास्त, तितकी पोटाची चरबी, साखर आणि रक्तदाबाची भीती जास्त.” साखर वाढलेलीच निघाली.

जगाची मापं घेणारा मी शिंपी, आणि स्वतःची पँट गुपचूप दोनदा उसवून सैल केली होती.

मालक म्हणाले, गिऱ्हाइकांसमोर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. मी होत्या त्याही दुमडल्या. म्हटलं, हे स्पर्शाने कुणाला होत नाही.

तुझी गुडघेदुखी कशी आहे?

बाबांचे चट्टे आपण जन्मभर झाकले आणि ते गेले हृदयविकाराने. मी झाकणार नाही. पँट जुन्या शिवणीवर आणतोच की नाही, बघ!

तुझाच,
उघड्या हातांचा